मधली छप्पन्न अक्षरं

कागद अर्ध्या पानाचा होता आणि त्यावर प्रश्न एकच होता. 'आपण आजवर कोणताही ठसा केवळ सुरुवातीच्या व शेवटच्या अक्षरांवरून जुळवून मंजूर केला आहे काय?' खाली दोन चौकटी, होय आणि नाही. त्याखाली सहीची जागा. चार वाजेपर्यंत परत करायचा होता.

वृंदा चौगुलेने तो तीनदा वाचला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"काय एवढं वाचताय, चौगुलेबाई?" समोर बसलेल्या कोळेकरांनी विचारलं. गेले अकरा महिने ते तिचे टेबलावरचे जोडीदार होते. त्यांनी 'नाही'वर खूण करून सहीसुद्धा ठोकली होती. "आपण सगळे चौसष्टच्या चौसष्ट वाचतो. एक जण खरंच वाचायचा म्हणे. महिन्यात चष्मा लागला आणि पळाला."

वृंदा हसली नाही. कागदाला टाचलेलं परिपत्रक तिने पुन्हा उघडलं. दुसऱ्या एका राज्यातल्या पाणीयोजनेत क्लोरिनचा पंप महिनाभर ठरल्यापेक्षा जास्त औषध सोडत होता, आणि पडद्यावर मात्र आकडा बरोबर दाखवत होता. मुलं आजारी पडली तेव्हा शोध लागला. पंप चालवणारी फाइल बनावट होती. कोणी केली, कशासाठी, ते पोलीस शोधत होते. पण ती फाइल नोंदलेली होती, देशाच्या अधिकृत यादीत, रीतसर.

सांगलीचं ठसा नोंदणी केंद्र नेमकं काय करतं, हे वृंदाला नात्यागोत्यात नेहमी समजावून सांगावं लागे. ती म्हणायची, कुठल्याही यंत्राची प्रणाली म्हणजे एक सलग वस्तू नसते. ती हजारो लहानमोठ्या फाइलींची बनलेली असते. त्यांतल्या काहींना लायब्ररी फाइली म्हणतात, कारण निरनिराळे प्रोग्राम गरज पडेल तसे त्यांच्याकडून काम करून घेतात. पंप किती वेगाने फिरवायचा हे सांगणारी एक फाइल घ्या. तीच पाणीयोजनेत असते, तीच दूध डेअरीत आणि तीच दवाखान्यात. एवढ्या ठिकाणी चालणारी फाइल मधल्या मधे कोणी बदलली तर नाही ना, हे कळायला हवं. नावावरून ते कळत नाही. नाव काय, कोणीही कोणालाही ठेवतं.

म्हणून ठसा काढतात. गणिताची एक ठरलेली रीत आहे. तिच्यात अख्खी फाइल घातली की चौसष्ट अक्षरांची एक माळ बाहेर येते. फाइल चार ओळींची असो की चार लाख ओळींची, माळ चौसष्टचीच. शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजीतली ए ते एफ ही सहा अक्षरं, एवढंच तिच्यात असतं. तीच फाइल पुन्हा घाला, तीच माळ येईल. फाइलीतला एक स्वल्पविराम हलवा, माळ ओळखू येणार नाही इतकी बदलेल. आणि माळेवरून उलट फाइल काही बनवता येत नाही. मात्र ठसा एवढंच सांगतो की फाइल तीच आहे. ती भली आहे की बुरी, हे आधी कोणीतरी तपासून ठरवलेलं असावं लागतं.

महत्त्वाचं प्रत्येक यंत्र दर तासाला आपल्या फाइलींचे ठसे अधिकृत यादीशी पडताळून बघे. यादीत नसलेली फाइल सापडली की ते हातातलं काम पुरं करून थांबे, नोंदलेली फाइल मिळेपर्यंत पुन्हा सुरू होत नसे. मग प्रश्न उरला यादीचा. तीच कोणी बदलली तर? कायदा करणाऱ्यांनी म्हणून शेवटची कडी माणसाच्या हाती ठेवली. फाइल तयार करणारी कंपनी तिचा ठसा कागदावर छापून रजिस्टर पोस्टाने पाठवी. फाइल तारेवरून येई, तिचा ठसा केंद्राच्या पडद्यावर उमटे. दोन माणसांनी पडदा आणि कागद जुळवून पाहायचा आणि सही करायची. कागद स्कॅन करायला बंदी होती, कारण स्कॅनर हाही शेवटी संगणकच.

या कामाला माणसं कुठून आणायची? कोणाला तरी सुचलं, मुद्रितशोधक. छापखाने बंद पडत होते. सांगलीच्या एका मोठ्या छापखान्यात वृंदा आणि नसीम सतारमेकर एकोणीस वर्षं प्रुफं तपासत होत्या. नसीम मूळ प्रत मोठ्याने वाचायची, वृंदा प्रुफावर पेन्सिल फिरवत प्रत्येक तुकड्याला 'हं' म्हणायची. चूक दिसली की ती गप्प बसे आणि नसीम आपोआप थांबे. दोघी जोडीनेच केंद्रात आल्या. ए, बी, सी, डी कानाला सारखी लागतात म्हणून नसीमने पहिल्याच आठवड्यात त्यांना नावं दिली. अक्का, बाबा, सीता, दादा, ईद, फणस. साहेब लोक हसले, पण महिन्याभरात सगळं केंद्र तसंच वाचू लागलं.

आणखीही एक गोष्ट त्या दोघींनीच आणली होती. छापखान्यात शेवटचं प्रुफ आलं की ते पुन्हा सबंध वाचत नसत. प्रत्येक पानाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ जुन्या प्रुफाशी जुळवायची. दोन्ही जुळल्या म्हणजे मधली एकही ओळ गळलेली नाही. पुस्तकाच्या बाबतीत हे खरं होतं, एकोणीस वर्षांत एकदाही फसलं नव्हतं. केंद्रात रोज दोनशे कागद यायला लागले तेव्हा चौथ्या महिन्यात नसीम म्हणाली, "पहिली चार, शेवटची चार. ती जुळली की मधलं कुठं जातंय?" वृंदा 'हं' म्हणाली होती. पुढे सगळ्या टेबलांवर तीच पद्धत पडली.

मधलं कुठे जातं, ते परिपत्रकात लिहिलं होतं. बनावट फाइल करायची, तिच्या शेपटीला निरर्थक अक्षरं जोडायची, ठसा काढून बघायचा. पहिली चार आणि शेवटची चार जुळली नाहीत तर शेपूट बदलून पुन्हा. आठ अक्षरं जुळायला साधारण चारशे तीस कोटी खेपा लागतात. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. संगणकाचं ते काही मिनिटांचं काम. चौसष्टच्या चौसष्ट जुळवायची म्हटली, तर पृथ्वीवरचे सगळे संगणक जन्मभर लावूनही जमणार नाही. चोराने कुलूप तोडलंच नव्हतं. वृंदा आणि नसीमसारखी माणसं कुठे बघत नाहीत, एवढंच त्याने हेरलं होतं.

साडेबाराला ती केंद्रप्रमुख ईशा देवधर यांच्या खोलीत गेली. देवधर एकतीस वर्षांच्या होत्या आणि सकाळपासून त्यांनी फोन खाली ठेवला नव्हता.

"मॅडम, होय लिहिलं तर काय होईल?"

देवधरांनी फोनवर हात ठेवला. "त्या जोडीने मंजूर केलेली प्रत्येक फाइल स्थगित. तुमची आणि सतारमेकरांची जोडी धरली तर नऊ हजारांवर. पाचच्या ठोक्याला तीन-चार जिल्ह्यांतली यंत्रं थांबतील. डेअऱ्या, पाणी, दवाखाने. त्यातल्या बहुतेक फाइली चांगल्याच असणार."

"आणि फेरतपासणी?"

"सगळं वाचायचं म्हणजे काही महिने." देवधर म्हणाल्या. "मी कोणाला काय लिहा ते सांगणार नाही, वृंदाताई. विचार करून लिहा एवढंच म्हणेन."

त्या काय सुचवताहेत ते वृंदाला कळलं. आवाजात कावा नव्हता, भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

नसीम अकरा महिन्यांपासून बिनपगारी रजेवर होती. तिचा नवरा इक्बाल मिरजेत तंबोरे घडवायचा. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यावर त्याला घरी डायलिसिसचं यंत्र मिळालं होतं. आठवड्यातले पाच दिवस, दुपारी अडीचला ते लावायचं. नऊ हजारांत त्या यंत्राची पंपाची फाइल होती, हे वृंदाला पक्कं आठवत होतं. यंत्र घरी आलं तेव्हा नसीम किती खुशीत म्हणाली होती, "आपल्या दोघींच्या सहीची आहे गं."

अभिलेख खोलीत एक जुना तारेचा फोन होता. वृंदाने तिथून नंबर फिरवला आणि परिपत्रक वाचून दाखवलं.

"नाही लिही," नसीम लगेच म्हणाली.

"अगं, पण—"

"पण काय? चारही टेबलांनी तेच केलंय, सगळे 'नाही'च लिहितील. तू एकटी हरिश्चंद्र होणार आणि पाचला ह्यांचं यंत्र बंद. दवाखान्यातली यंत्रं पण त्याच फाइलीवर. मी कुठं नेऊ ह्यांना? यंत्राशिवाय तीन दिवस निघत नाहीत, वृंदा. तुला ठाऊक आहे."

वृंदाला ठाऊक होतं. गेल्या रविवारी ती त्यांच्याकडे गेली होती तेव्हा इक्बालभाई पायाचा गोळा चोळत बसले होते. रोज यंत्र सुटलं की गोळे येतात, चक्कर येते. आणि आणखी एका गोष्टीवरून हसणं झालं होतं. आता तीच गोष्ट तिला आठवली.

"नसीम, त्या दिवशी काट्याचं काय म्हणत होतीस?"

"कुठला काटा?"

"वजनाचा."

"यंत्र म्हणतं, दीड लिटर पाणी काढलं. काट्यावर वजन एक किलो आठशेने कमी भरतं. रोज तीनशेचा फरक. डॉक्टरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, यंत्राच्या फाइली नोंदलेल्या आहेत, तुमचा काटा कोणी नोंदलाय? जुना झालाय, बदला."

वृंदाने परिपत्रकातली पंपाची ओळ पुन्हा वाचली.

"वृंदा?"

"परिपत्रकातला पंप पण जास्त सोडत होता. आणि बरोबर दाखवत होता."

मागून इक्बालचा आवाज आला, "कोण आहे? वृंदाताई?" नसीमने फोन मोठ्या आवाजावर टाकला असावा. तिने दोन वाक्यांत त्याला सगळं सांगितलं.

"दोन टोकं बघून पास करत होता तुम्ही?" इक्बाल म्हणाला. तो चिडलेला नव्हता, उलट त्याला मौज वाटल्यासारखं झालं. "तार दोन्ही टोकांना बांधलेलीच असती की, वृंदाताई. बेसूर होती ती मधे."

"तुम्ही गप्प बसा हो," नसीम म्हणाली.

"भाई, आज लावलंय का यंत्र?" वृंदाने विचारलं.

"अडीचला. अजून तास आहे."

"लावू नका. नसीम, त्याच्या पडद्यावर 'माहिती' म्हणून बटण आहे, त्यात फाइलींचे ठसे दिसतात. पंपाचा काढून ठेव. मी कागद शोधते."

कागद दीड वर्षापूर्वीचा होता. कपाटं महिन्यांप्रमाणे लावलेली होती, पण त्या महिन्याचे गठ्ठे कोणीतरी उलटसुलट बांधले होते. दोन गठ्ठे सोडून तिसऱ्यात तो सापडला. खाली दोघींच्या आद्याक्षरांच्या सह्या. ठशाच्या पहिल्या चार अक्षरांखाली पेन्सिलीची एकेक बारीक खूण, शेवटच्या चारांखाली एकेक. मुद्रितशोधकाची सवय, बघितलेल्या अक्षराखाली खूण केल्याशिवाय हात पुढे जात नाही. मधल्या छप्पन्न अक्षरांखाली कागद कोरा होता.

वृंदाच्या कानामागे पेन्सिल होती. छप्पन्न खुणा करायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्या कोणी केल्या, कधी केल्या, कोणाला कळणार होतं? तिने पेन्सिल काढली, टोक कागदाला टेकवलं. मग तसंच धरून दुसऱ्या हाताने बाजूला ठेवलेला फोन उचलला.

"वाच."

"हे जुळलं तर 'नाही' लिहिशील?" नसीमने विचारलं.

वृंदाला खरं उत्तर माहीत होतं. एक ठसा जुळला म्हणून उरलेले नऊ हजार खरे ठरत नाहीत. तरी ती म्हणाली, "आधी वाच."

"सात."

"हं."

"फणस."

"हं."

"तीन. दोन."

"हं. हं." इथवर जुन्या खुणा होत्या. वृंदाने पेन्सिल पाचव्या अक्षराखाली नेली. कागदावर नऊ होता.

"फणस," नसीम म्हणाली. "अक्का. एक. एक. ईद. सहा..." ती सवयीने वाचत गेली, एकोणीस वर्षांच्या चालीत, आणि दहाव्या की अकराव्या अक्षरावर तिच्या लक्षात आलं की समोरून काहीच येत नाहीये. ती थांबली.

फोनमध्ये मिरजेच्या त्या खोलीत कुठेतरी भोपळ्यावर पडलेल्या तारेचा हलका झणकार ऐकू आला. इक्बालचा हात लागला असावा.

"पाचवं काय आहे तुझ्याकडं?" नसीमने विचारलं.

"नऊ."

"अकरा महिने," नसीम म्हणाली. "रोज मी माझ्या हातांनी सुई लावतीय." मग प्लग ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर यंत्राची एक लांबलचक शिट्टी.

"नसीम, मी होय लिहितेय."

"लिही. माझं नाव पण लिही, पहिलं माझं. पद्धत माझी होती." आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, "पण खरी फाइल आणा आज. उद्या नाही. कळलं का?"

वृंदाने 'होय'वर खूण केली तेव्हा दोन वाजायला आले होते. तिने अर्ज आणि तो कागद देवधरांच्या टेबलावर ठेवला. काही सांगावं लागलं नाही. देवधरांनी पेन्सिलीच्या खुणा बघितल्या आणि कागद उजेडाकडे धरला, जणू मधल्या खुणा पुसट असतील.

"तुमचं करिअर संपेल ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "पण आता हे मलाही माहीत झालं."

"हो. माफ करा."

देवधरांनी पुण्याला फोन लावला, फाइल बनवणाऱ्या कंपनीला. मूळ फाइल पुन्हा पाठवा, आत्ता. मग जिल्हा रुग्णालयाला, मग पाणीपुरवठ्याला. सगळीकडे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "पाचला यंत्रं थांबतील, आधी तयारी करून ठेवा." पलीकडून काय काय ऐकून घ्यावं लागत होतं ते त्यांच्या लाल झालेल्या कानाच्या पाळीवरून कळत होतं. इस्लामपूरच्या एका दवाखान्यात दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. ते दोन रुग्ण पुढे बरे झाले का, हे वृंदाने नंतर पुष्कळ दिवस शोधलं. तिला कोणी सांगितलं नाही.

साडेतीनला कोळेकर देवधरांच्या दारात उभे राहिले. "मॅडम, माझा तो अर्ज जरा परत मिळेल का? खूण चुकीच्या चौकटीत पडली." त्यांच्यामागे आणखी दोघं होते.

साडेचारला मूळ फाइल आली. तिचा ठसा पडद्यावर उभा राहिला, पण तो वाचायचा कोणी? केंद्रात आता एकही जोडी निर्मळ उरली नव्हती. देवधरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. संशयित जोडीने अधिकाऱ्यासमोर पूर्ण वाचन करावं, सही अधिकाऱ्याची, अशी एक सोय होती. पण जोडी तीच हवी, जिने पहिल्यांदा सही केली ती.

"सतारमेकरांना मिरजेहून बोलवायला—" देवधर म्हणू लागल्या.

"त्या खाली रिक्षावाल्याशी भांडताहेत," कोळेकर खिडकीतून म्हणाले.

नसीम वर आली. अकरा महिन्यांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. तिने कोणाकडे पाहिलं नाही. पडद्यासमोरच्या जुन्या खुर्चीत बसली, खुर्चीची उंची कोणीतरी बदललेली होती ती खाली केली, आणि चष्मा पुसला.

"इक्बालभाईंपाशी कोण?" वृंदाने हळूच विचारलं.

"भाचा आलाय. ते म्हणाले, माझ्या तोंडाकडं बघत बसू नको, जा. वाचू?"

देवधर खुर्ची ओढून दोघींच्या मधे बसल्या. त्यांची नजर कागदावरून आपोआप शेवटच्या चार अक्षरांकडे गेली. वृंदाने काही न बोलता लाकडी पट्टी घेतली आणि पाचव्या अक्षरापासून पुढचा सगळा ठसा झाकून टाकला. प्रत्येक 'हं' गणिक ती पट्टी एक घर सरकवत गेली. फक्त दीड मिनिट लागलं. तेवढ्या वेळात बाहेर तीन फोन वाजून थांबले. चौसष्टाव्या खुणेनंतर देवधरांनी सही केली, आणि मग पाचचा ठोका पडला.

नवी नोंद यादीत चढायला वेळ लागणार होता; सहाच्या तासाला मिरजेतलं यंत्र यादीला विचारून खरी फाइल उतरवून घेणार होतं. नसीम तोवर थांबली नाही. "रिक्षा उभी करून ठेवलीय," म्हणाली आणि गेली.

सकाळी साडेनऊला ती परत आली. टेबलावर रात्रीत सहा गठ्ठे आणून ठेवलेले होते, दवाखान्यांच्या फाइली सर्वांत वर. देवधर आधीच मधल्या खुर्चीत बसल्या होत्या, कालच्याच साडीत. नसीमने पिशवी खाली ठेवली.

"एक किलो तीनशे काढलं म्हणालं यंत्र," ती वृंदाला म्हणाली. "काट्यावर पण तेवढंच भरलं. गोळा आला नाही. ह्यांनी सकाळी काट्याला हार घालायचा म्हणून फुलं मागवली."

"मग घातला का?"

"काटा जमिनीवर असतो. हार घालून वर उभं कसं राहणार?"

वृंदा हसली, गेल्या चोवीस तासांत पहिल्यांदा. तिने वरचा कागद घेतला, पट्टी ठेवली, पेन्सिल पहिल्या अक्षराखाली टेकवली. नसीम वाचू लागली. चार अक्षरं झाल्यावर पाचव्यावर ती किंचित थांबली, वृंदाने 'हं' म्हणेपर्यंत, आणि मग पुढे गेली.